भिंत काढता येते, पण कुठली?

"लाकडी सांगाड्याच्या घरात आतली कुठलीही भिंत पुढेमागे काढता येते" हे घरबांधणीवरच्या एका लेखातलं वाक्य जरा जपूनच घ्यायला हवं. जाड खांब-तुळयांचा सांगाडा असेल तर बऱ्याच अंशी खरं. भार खांबांवरून उतरतो, मधल्या भिंती नुसता आडोसा. पण दर 16 इंचांवर बारीक उभी लाकडं ठोकून केलेल्या घरात मधली एखादी भिंत वरच्या मजल्याचं वजन पेलत असते, एखादी घराला वाऱ्यात तिरकं होऊ देत नाही. वजन पेलणारी काढायची तर आधी तुळई घाला, मग हातोडा उचला.

आणि एक गोष्ट लेखात राहूनच गेली. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर बाथरूममध्ये धरायला दांडा बसवायला गेलो. टाइल्सवर टकटक केलं तर सगळीकडे पोकळ! मागे नुसता जिप्सम बोर्ड, म्हणजे प्लास्टरचा पातळ तक्ता, स्क्रू जागच्या जागी गरगर फिरत राहिला. शेवटी बोर्ड कापून आत आडवं लाकूड ठोकलं. टाइल्स गेल्या त्या गेल्याच. बांधतानाच घातलं असतं तर एक फळी आणि फार तर अर्धा तास. भिंती बंद करण्याआधी मोजपट्टी लावून आतले फोटोही काढून ठेवा. आम्ही नव्हते काढले.