थ्रिलर लिहायचीये? मग फायलीला हातच लावू नका

तर तुम्हाला कादंबरी लिहायचीये, तीही हवाई दलातल्या खुनाची आणि वर भ्रष्टाचाराचा तडका मारून. उत्तम. ठाण्याहून चौथी सीट मिळाली की दादरपर्यंत दोन प्रकरणं आरामात होतात.

रिसर्चचं टेन्शन घेऊ नका. कोलशेतला रिक्षातून जाताना हवाई दलाच्या स्टेशनची भिंत दिसते ना, बास झालं. नाशिकजवळ ओझरला एचएएलचा, म्हणजे सरकारी विमान कंपनीचा कारखाना आहे, मिग-२१ लढाऊ विमानं तिथे बनायची, नंतर सुखोई, पण तिथवर कोण तडमडणार, मध्ये कसारा घाट लागतो.

हिरो विंग कमांडर करा. मिग-२१ १९६३ ला आलं आणि २०२५ च्या सप्टेंबरात रिटायर झालं, तर तेच द्या त्याला, म्हातारं विमान म्हटलं की वाचक हळवा होतो. मागच्या सीटवर नायिका. आता लढाऊ मिग-२१ ला मागची सीटच नसते, ती फक्त शिकवायच्या ट्रेनर विमानाला, पण मग प्रेमाचे डायलॉग काय कंट्रोल टॉवरशी मारायचे? विमान पेटलं की हिरोने काच सरकवून उडी मारायची. खरी इजेक्शन सीट रॉकेटवर उडते, पायलटच्या मणक्याचा चुरासुद्धा होऊ शकतो, ते लिहिलंत तर पुढच्या प्रकरणात तो गुंडांना काय कमरेला पट्टा बांधून मारणारे? आणि ब्लॅक बॉक्स काळाच लिहा. असतो नारिंगी, पण राजकीय कादंबरीत रंगाचं नाव काढलं की कुणाच्या तरी भावना दुखावतात.

नेता मात्र दणक्यात हवा. दहा बोटांत बारा अंगठ्या, येऊरला बंगला, पावसाळी रात्र, नोटांनी भरलेली सुटकेस. खऱ्या केसेस वाचायच्या भानगडीत पडू नका, फार पोरकट असतात हो. जपानमध्ये लॉकहीड विमान कंपनीच्या लाचेच्या पावत्यांवर चक्क 'शेंगदाणे मिळाले' असं लिहिलेलं, १९७६ ला माजी पंतप्रधान तनाका आत गेले त्या प्रकरणात. असलं तुम्ही लिहिलंत तर प्रकाशक म्हणेल, अहो काहीतरी पटेल असं लिहा.

आपल्याकडचं तर त्याहून बोअर. २०१० ला व्हीआयपींसाठी १२ हेलिकॉप्टरं घ्यायचा सुमारे ३६०० कोटींचा करार झाला, २०१४ च्या जानेवारीत सरकारने रद्द केला. सीबीआयचा आरोप काय, तर हेलिकॉप्टर किती उंच उडलं पाहिजे या अटीत ६००० मीटरचे ४५०० केले, आणि जी कंपनी आधी बसतच नव्हती ती शर्यतीत आली. संपलं. ना पाठलाग, ना गोळीबार, एका कागदावरचा एक आकडा. यावर कव्हर काय काढणार, फाईल आणि पंच मशीन?

माझंच सांगतो. मी हौसेने ते आकड्याचं प्रकरण लिहिलं आणि सोसायटीच्या ऑफिसात सेक्रेटरींना वाचायला दिलं. ते चष्मा लावून वाचत होते तेवढ्यात माझी नजर टेबलावरच्या रंगकामाच्या टेंडरवर गेली. 'ठेकेदारास किमान ५ इमारतींचा अनुभव' यातल्या ५ वर व्हाइटनर मारून वर पेनाने २ केलेले, नखाला लागेल इतका जाड थर. आणि बरोबर दोनच इमारती रंगवलेला माणूस आमच्या ओळखीत एकच, सेक्रेटरींचे साडू.

"हे तेवढं काढा हो," सेक्रेटरी कागद परत देत म्हणाले, "आकड्याबिकड्यात कोण एवढं बघतं? त्यापेक्षा सुटकेस टाका."

टाकली. त्यांनी पाच प्रती आत्ताच बुक केल्यात, सोसायटीच्या खर्चाने.