मी नाय ती!

आईने परत 'नाही' दाबलं.

म्हणजे बघा, कुडाळच्या बाजारातलं मोबाईलचं दुकान, काउंटरला खेटून उभी माणसं, बाहेर धो धो पाऊस, मी नवा फोन हातात धरून गुगलला पटवतोय की बाबा रे मी मीच आहे, आणि तिकडे गावात माझी सख्खी आई दर वेळी ठासून सांगतेय की हा कोण ते मला ठाऊक नाही. जुन्या फोनने मिरगाच्या पहिल्याच सरीत राम म्हटला म्हणून नवा घेतला, त्यात आमचं अकाउंट टाकायचं, एवढंच काम होतं. दहा मिनिटांचं, असं दुकानातला पोरगा म्हणाला होता.

आता 'आमचं' अकाउंट म्हणजे खरंच आमचं. अख्ख्या घराचं एकच. भाऊ मुंबईहून गणपतीला येतो तेव्हा माटवीचं सामान, फटाके आणि स्वतःचा जुना फोन घेऊन येतो. तो फोन बाबांना, बाबांचा आईला, आणि आईचा ज्या अवस्थेत उरला असेल त्या अवस्थेत मला. पहिला फोन आला तेव्हा भावाने आईच्या नावाने अकाउंट काढलं, कारण घरातलं चालू सिम तेवढं एकच, आणि तेव्हापासून प्रत्येक फोनात तेच टाकत गेलो. मध्ये एकदा एक फोन बटणं दाबून रिसेट मारून बघितला, पण चालू झाल्यावर त्याने आधीचंच अकाउंट मागितलं. फोन चोरीला गेला तर चोराला वापरता येऊ नये म्हणून ती सोय आहे म्हणे. चोरांचं काय होतं ते माहीत नाही, आम्ही मात्र अडकलो.

आमच्याकडे जमिनीचं जे तेच या अकाउंटचं. सातबारा उघडा, पणजोबांपासूनची नावं, मुंबईवाले, बडोद्यावाले, हयात, मयत, सगळे सामाईक. दर मोसमात आंबे कोण काढणार यावरून तोंडं फुगणार, पण वाटणीचं नाव काढलं की सगळे गप्प. माझ्या बायकोने एकदा काढलं. म्हणाली, गुगलमध्ये फॅमिली ग्रुप करता येतो, सहा जणांपर्यंत, प्रत्येकाचं अकाउंट वेगळं, फोटो-मेल ठेवायची जागा विकत घेतली तर ती सगळ्यांत वाटून वापरता येते. आईने हातातली सुरी खाली ठेवली आणि शांतपणे विचारलं, "म्हणजे आता चुली वेगळे करूया म्हणतंस?" त्यानंतर आठवडाभर घरात फक्त कुळथाची पिठी होती. विषय संपला.

मग चाललंय ते असं. आमच्या कॉन्टॅक्ट लिस्टमध्ये तीन 'आई' आहेत. एक माझी, एक बायकोची, आणि एक आईची आई, जी जाऊन बरीच वर्षं झाली पण तो नंबर डिलीट करायची कोणाची छाती होत नाही. 'दादा' किती आहेत ते मोजत बसू नका. बायकोने माझा नंबर माझ्या नावाने सेव्ह केला होता, आईला ते नवऱ्याचं नाव असं उघड्यावर पडलेलं बघवेना, तिने बदलून 'हे' केलं. बदललं आईने स्वतःच्या फोनात, झालं सगळ्यांच्या फोनात. आता मी मुंबईला भावाला फोन लावला की त्याच्या स्क्रीनवर येतं, 'हे कॉलिंग'. ऑफिसातल्या लोकांनी एकदा बघितलं, तेव्हापासून तो माझा फोन बाहेर जिन्यात जाऊन घेतो.

बाबांचं वेगळंच. बाबांना फोनात अडगळ खपत नाही. नको ते फोटो रोज रात्री जेवल्यावर बसून डिलीट करतात, आणि 'नको ते' म्हणजे ज्यात बाबा नाहीत ते. गुगल बिचारं बॅकअप घेतलेले फोटो 60 दिवस कचऱ्यात सांभाळून ठेवतं, माणसाला उपरती झाली तर असावी म्हणून. पण बाबा कचरापेटी पण रोज रिकामी करतात, दिवेलागणीनंतर घरात कचरा ठेवू नये म्हणतात. माझ्या मुलीचं अर्धं बालवाडीचं वर्ष असं गेलं. त्यावर मी काही बोललो की उत्तर तयार, "जागा संपली असां फोनच सांगता". तेही खोटं नाही. फुकटची 15 जीबी, त्यात मेल, ड्राइव्ह, फोटो सगळं कोंबायचं. 1 जून 2021 च्या आधी तरी आकार कमी करून ठेवलेल्या फोटोंचं वजन धरत नव्हते, आता तेही धरतात आणि व्हॉट्सॲपचा बॅकअपही धरतात. त्यात काकाचे रोजचे सुप्रभात. मध्यंतरी जागा इतकी भरली की मेल यायचेच बंद झाले, आणि मी एका ठिकाणच्या नोकरीच्या उत्तराची वाट बघत बसलेलो. तसंही उत्तर 'डिअर मॅडम' म्हणूनच आलं असतं, कारण मी मेल पाठवला की पाठवणाऱ्याच्या नावात आई दिसते.

असो. दुकानात येऊ.

पासवर्ड टाकल्यावर गुगल नव्या फोनवर दोन आकडी नंबर दाखवतं आणि जुन्या कुठल्यातरी फोनवर विचारतं, हे तुम्हीच का? तिथे होय म्हणायचं आणि तोच नंबर दाबायचा. विचारलं जातं आईला, कारण आमच्या घरात रेंज येते ती खळ्यात तुळशीजवळ आणि तिथे दिवसभर आईच असते. माझं सिम नव्या फोनात, नवा फोन अजून अर्धवट, म्हणजे मला आईला फोन लावायलाही फोन नाही. पोरगा काही स्वतःचा देईना. तेव्हा मागून आवाज आला, "हो घेवा माझो."

आजोबा. काखेत छत्री, आणि तरीही डोक्याला प्लॅस्टिकची पिशवी बांधलेली. फोन बटणांचा, आकडे झिजून गेलेले, आणि स्पीकर असा की पलीकडच्या हॉटेलातला माणूस पण वळून बघेल. तो बंद करायचं बटण तुटलेलं होतं. म्हणजे पुढचं सगळं बाजाराने ऐकलं.

"आई, आता होय दाब."

"अरे पण माका विचारता, तूच काय ती? मी खंय काय करतंय? मी हयसर पेडवे साफ करतंय."

"तरी होय दाब."

"खोटा कित्याक सांगू?"

"आई, खोटं नाही ते, मीच करतोय ना!"

"मगे तुका विचारूक नको?"

याला उत्तर नाही. गुगलच्या कॅलिफोर्नियातल्या इंजिनियरांकडे पण नसणार. एवढ्यात वेळ संपला, नंबर गेला, नवीन आला. मी वाचून दाखवला, "आई, सत्तेचाळीस दाब, सत्तेचाळीस."

आजोबा एकदम पुढे सरकले. "सत्तेचाळीस? कोणी दिली?"

"काय?"

"जोडी. ओपन चार, क्लोज सात. स्वातंत्र्याचो आकडो तो, येताच!" आणि खिशातून विडीच्या पाकिटाचा कागद काढून त्यांनी लिहून पण घेतला. माझ्या मागे उभा असलेला एक जण, इतका वेळ भिंतीकडे तोंड करून शहाण्यासारखा उभा होता, तो हळूच म्हणाला, "सत्तेचाळीसच ना?"

मी म्हटलं, आजोबा, हे मटक्याचं नाही, गुगलचं आहे. आजोबा म्हणाले, "कोणाचा पण असांदे. खेळतत खंय, कल्याणाकच ना?"

तिकडे आईने परत 'नाही' दाबलं. इकडे नवा नंबर, बारा. आजोबा वैतागले. खरोखर वैतागले, माझ्यापेक्षा जास्त. "हो बदलता कित्याक? एकदा सांगितलो तो सांगितलो! अशानं कोण विश्वास ठेवतलो?" मग माझ्या हातातून फोन घेतला, फोन त्यांचाच होता म्हणा, आणि आईशी बोलायला लागले. "वैनी, तुमी माझा ऐका. बारा नको. सत्तेचाळीस दिसता काय बघा."

"नाय वो. बारा आसा, तीस आसा आणि अठ्ठ्याऐंशी."

"तीस कसो वाटता तुमका?"

मी दोन्ही हात काउंटरवर टेकून उभा राहिलो. दुकानातला पोरगा हसत होता, मेल्याला मजा वाटत होती, त्याच्या आईचं वेगळं अकाउंट असणार. पुढे तर विषयच हातातून सुटला, कारण आजोबांनी विचारलं, तुमचा म्हायार खंयचा, आई म्हणाली आचऱ्याचा, आणि आजोबांची आजी पण आचऱ्याची निघाली. मग गावपळण निघाली. अख्खा गाव गुराढोरांसकट तीन दिवस वेशीबाहेर जाऊन राहतो तेव्हा कोणाची झोपडी कोणाच्या शेजारी होती, कोणाच्या कोंबड्या कोणाच्या सारात गेल्या, याचा निकाल लागेपर्यंत गुगलने आणखी नंबर दिले आणि परत घेतले. आजोबा आईला 'वैनी'वरून 'अगो बाय'वर आले. आई म्हणाली, "मगे तू आमच्या धाकल्या काकीचो भाचो रे!" मी तिथे उभा आहे हे दोघांच्याही ध्यानात नव्हतं.

हसू येतं आता, पण तेव्हा नव्हतं येत. ऑफिसचं लॉगिन त्यात, गॅसचा नंबर त्यात, मुलीच्या शाळेचे मेसेज त्यात. कुठेही जा, मेल आयडी सांगा, मोबाईल सांगा, ओटीपी सांगा. सांगणाऱ्याला वाटतं प्रत्येकाच्या खिशात स्वतःचा फोन, स्वतःची रेंज आणि स्वतःचं अकाउंट असतं. आमच्याकडे पावसात लाईट जाते आणि तिच्यामागून टॉवर जातो, त्याची तक्रार करायची तर ती पण ऑनलाइन करायची. आणि घरात काही बोलावं तर, "घरच्यांपासून काय लपवूचा आसा?" लपवायचं काही नाही हो. पण यूट्यूब उघडल्यावर गुडघेदुखीवर निर्गुडी न दिसता मला हवी ती मॅच दिसावी, एवढं मागणं जास्त आहे का?

शेवटी आईनेच सांगितलं, "अरे, आता आत लिवन् इला, कोणीतरी तुमचा अकाउंट चोरूक बघता, पासवर्ड बदला. मी मुंबयक फोन लावलंय. झिलान बदललो पण." म्हणजे मी इकडे रडत असताना आईने घरच्या लँडलाइनवरून भावाला फोन करून चोराचा बंदोबस्त केला होता. चोर मी. त्यासरशी बाबांचा फोन अकाउंटातून बाहेर, बायकोचा बाहेर, वहिनीचा टॅब बाहेर. दुकानातून निघेपर्यंत सगळ्यांनी आजोबांच्या नंबरवर फोन करून मला झापलं, तो नंबर आईने सगळ्यांना दिला होता.

"नवीन पासवर्ड काय तो सांग," मी म्हटलं, "पण हळू."

हळू! त्या स्पीकरवर! "रवळनाथ," आई ओरडली, "आणि फुडे बापाशीचा जन्मसाल, एकोणीसशे बावन!"

कुडाळच्या बाजाराला आमचा पासवर्ड कळला. पोरग्याने टाकला, यावेळी कोणाला काही न विचारता अकाउंट आत गेलं, आणि त्याने 'मेल आयडी टाकून दिल्याचे' म्हणून दोनशे रुपये लावले. मी वाद घातला, तो म्हणाला वेळ बघा किती गेला. आजोबांचं रिचार्ज मात्र त्याने दहा रुपये सोडून केलं, ओळख निघाली ना.

मी पैसे मोजत होतो तर आजोबांनी माझी बाही ओढली. कागद परत बाहेर काढला होता.

"बापूस बावनचो नक्की ना? नाय, शाळेत घालताना मागे-फुडे करीत."