गाण्याचा पेपर, गायचं नाही

संगीतात एम.ए. करायचं तर गाता आलं पाहिजे, असा लोकांचा भाबडा समज आहे. गायचं ते प्रॅक्टिकलला. खरे हाल थिअरीच्या पेपरात, आणि तिथे गायला सक्त मनाई. (विद्यापीठाचं नाव सांगत नाही, निकाल अजून लागायचाय.)

त्यात आमच्या भागात जन्म घेणं म्हणजे आधीच जोखीम. कुमार गंधर्व १९२४ साली जन्मले ते बेळगावजवळच्या सुळेभावीत. पुढे धारवाडला मल्लिकार्जुन मन्सूर, हुबळीला गंगूबाई हनगल, गदगचे भीमसेन जोशी. त्यामुळे माझं पुढे काय व्हायला हवं, हे माझ्यापेक्षा कोपऱ्यावरच्या पानवाल्याला जास्त स्पष्ट दिसतं. भीमसेन लहानपणीच गुरूच्या शोधात घरातून पळाले, हे शेजारच्या मामांनी मला इतक्यांदा ऐकवलंय, की मी अजून घरीच कशी, याचाच त्यांना त्रास होत असावा. ‘अजून शिकूलीस काय गे? बरं हाय. खरं नोकरीचं काय?’

तर पेपर. बंदिश स्वरलिपीत लिहा, हा प्रश्न दिसायला सोपा. पण स्वरलिप्या दोन, आणि दोन्ही विष्णूंच्या. एक मुंबईचे विष्णु नारायण भातखंडे, दुसरे विष्णु दिगंबर पलुस्कर, म्हणजे कुरुंदवाडचे. आम्हा चिकोडीकरांच्या शेजारचेच म्हणायचे. भातखंड्यांच्या लिपीत स्वराच्या डोक्यावर टिंब दिलं की तो तार, म्हणजे वरच्या सप्तकात जातो. पलुस्करांच्या लिपीत तेच टिंब तिथेच दिलं की स्वर मंद्रात, म्हणजे खालच्या सप्तकात. एका टिंबानं बाई दोन सप्तकं खाली. सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, दाखवायला एकाकडे फुली, दुसऱ्याकडे एकचा आकडा. आणि पलुस्करांकडे अधिकचं चिन्ह दिसलं तर ती ‘खाली’, म्हणजे टाळी न देता हात बाजूला करायची मात्रा! दोघांनी एकदा बसून ठरवलं असतं, तर पुढच्या कितीतरी पिढ्यांचं खोडरबर वाचलं असतं.

पण लिपीपेक्षा अवघड असते ती शांतता. बंदिश डोक्यात असते ती चालीसकट. गुणगुणल्याशिवाय शब्द कुठल्या मात्रेवर पडतो ते कळत नाही. सुपरवायझर येतात कॉमर्सचे. पाचव्या मिनिटाला मागच्या बाकावरून बारीकसा यमन निघतो आणि सर गरजतात, ‘हाडब्याड्री!’ गाऊ नका म्हणे. मग सगळा वर्ग ओठ मिटून बोटांवर येतो. ताली दिली की बाकावर टप्प, आणि खाली आली की हात बाजूला उडतो. तीनतालात सोळा मात्रांमागे एकदा, म्हणजे नवव्या मात्रेला, वीस मुलं शेजाऱ्याकडे हात उडवताना बघून कॉमर्सच्या माणसाला काय वाटेल? सरांनी माझ्या शेजारणीचा तळहात दोन्ही बाजूंनी तपासला. तिनं खरं तेच सांगितलं, ‘सर, खाली होती.’ सरांनी बाकाखालीही वाकून बघितलं.

मग तिगुण, म्हणजे तिप्पट लय. एका आवर्तनात तीनतालाची तिगुण समेला आणून सोडायची, तर ती कुठून सुरू करायची? सोळा भागिले तीन, पाच पूर्णांक एक तृतीयांश. ते सोळातून वजा केले की दहा पूर्णांक दोन तृतीयांश. म्हणजे अकराव्या मात्रेचे दोन हिस्से गप्प बसायचं आणि तिसऱ्याला ‘धा’. तबल्यावर हे माझा हात न विचारता करतो. कागदावर मात्र अपूर्णांक मांडावे लागतात, आणि गणित सुटावं म्हणून तर मी आर्ट्सला आले होते!

पेपर सुटल्यावर बाकीची पोरं एकमेकांना विचारतात, ‘उत्तर किती आलं?’ आम्हाला उत्तर गाऊनच ताळा करावा लागतो. व्हरांड्यात एकाच वेळी तीन जण एकच बंदिश तीन ठिकाणी सम घेऊन गात होते, आणि प्रत्येक जण दुसऱ्याला चुकीच्या ठिकाणी हातावर टाळी देऊन दाखवत होता. तेवढ्यात गठ्ठा जमा करून सर बाहेर आले. आम्ही चपापून गप्प. सर मात्र खांबाला टेकले, चष्मा पुसला आणि म्हणाले, ‘ओंदु वचन हाड्री.’ आता एक वचन, म्हणजे बसवण्णांसारख्या शरणांचं कन्नड पद, म्हणा!

झालं. पोरी म्हणाल्या सूर पेटीच्या काळी पाचचा, पोरं म्हणाली काळी एक. कुणी मोबाइलवर तानपुरा लावला, तो पांढरी दोनमध्ये सुरू झाला. पट्टी ठरेपर्यंत सरांची कित्तूरची बस गेली.