गट तोच, चिन्ह नवे
सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावात ‘तुम्ही कोणत्या पक्षाचे?’ असे कोणी विचारत नाही, ‘कोणत्या गटाचे?’ असे विचारतात, आणि हा प्रश्न ऐकला की माझे डोके फिरते. आमच्या तात्यांच्या मोटारसायकलवर नेत्याचा फोटो वर्षानुवर्षे तोच आहे. त्याखालचे चिन्ह मात्र त्यांनी दोनदा ब्लेडने खरवडले आणि जुन्या डिंकावरच नवे चिकटवले. ‘पक्ष बदलताना त्यांनी तुम्हाला विचारले होते का?’ असे मी म्हटले, तर उत्तर आले, ‘साहेबांनी काहीतरी विचार केलाच असेल.’ म्हणजे विचार साहेबांनी करायचा आणि बटण आपण दाबायचे!

यामागची भीती मला कळत नाही असे नाही. उसाला तोड कधी मिळणार, सोसायटीचे कर्ज नवेजुने कधी होणार, हे ज्यांच्या हातात आहे त्यांच्याशी वाकडे घेतले, तर तुरे आलेला ऊस रानात वाळत उभा राहतो आणि वजनाला मार बसतो. पण मतदान गुप्त असते ना? यंत्रापाशी काही तोडणीचा मुकादम उभा नसतो!

ऑक्टोबर २०१९ च्या पोटनिवडणुकीत, काही महिन्यांपूर्वीच खासदार केलेल्या उदयनराजेंना पक्ष बदलल्यावर याच मतदारसंघाने पाडले, तेव्हा लोक जाब विचारू लागले असे मला वाटले होते. तात्यांनी तेही खोडून काढले: ‘ते मत भर पावसात भाषण करणाऱ्या पवारसाहेबांना होतं.’ पुढे २०२३ ला पवारसाहेबांचा पक्षच फुटला, २०२४ च्या लोकसभेला चिन्ह बदलले, आणि ‘तुतारी वाजवणारा माणूस’ हे नवे चिन्ह शोधणाऱ्यांपैकी किती जणांनी तिच्यासारखीच दिसणारी पिपाणी दाबली देव जाणे; पिपाणीवाल्या अपक्षाला ३७,०६२ मते पडली आणि तुतारीवाला उमेदवार पडला ३२,७७१ मतांच्या फरकाने. उमेदवाराचे नाव वाचायचीही तसदी नको!

गेल्या ग्रामसभेत मी वस्तीवरच्या तुंबलेल्या गटाराचा विषय काढला. बिल निघाले आहे आणि काम अर्धेच आहे, एवढेच मी बोललो. तोच मागून तात्यांनी माझा सदरा ओढला. ‘खाली बस. ठेकेदार आपल्याच गटाचा आहे.’


विषय पुढच्या सभेवर गेला. त्या गटाराचे पाणी तात्यांच्याच गोठ्यात शिरते.