शार्पनर बाहेर ठेवा

हस्तलिखितांच्या दालनात पेन नेता येत नाही, हे मला मान्य आहे. शाई सांडली तर तीनशे वर्षांच्या कागदाचं वाटोळं होईल. पाण्याची बाटली नको, तेही मान्य. पर्स लॉकरमध्ये, मोबाइल लॉकरमध्ये, लॉकरची किल्ली सिक्युरिटीकडे, हेही मी हसतमुखाने सोसलं. पण ‘फक्त पेन्सिल वापरावी’ अशा पाटीच्या बरोब्बर खाली उभं करून काल माझं शार्पनर काढून घेण्यात आलं. कारण त्यात पातं असतं. त्या पात्याने मी म्हणे पानं कापीन.

संस्थेचं नाव सांगत नाही. पुढच्या वेळी पेन्सिलही काढून घ्यायचे.

आत गेल्यावर कळलं की कापायला पानच नाही. मी मागितली होती ‘ग्रहलाघव’ या ग्रहगणिताच्या जुन्या ग्रंथाची एक पोथी. मिळाला एक कॉम्प्युटर. पोथीचं स्कॅनिंग झालंय, आता मूळ प्रत कुणालाच दाखवत नाहीत. मग शार्पनर द्या की परत! “नियम दालनाला आहे मॅडम, तुम्हाला नाही.” यावर काय बोलणार? मी बसले.

स्कॅन काळं-पांढरं. पोथ्या उतरवून काढणारे जुने लेखक महत्त्वाच्या जागा लाल हिंगुळाने रंगवायचे आणि चूक झाली की त्यावर पिवळा हरताळ लावून वर नवं अक्षर लिहायचे. मला हवं होतं तेच: हरताळाखाली आधी काय होतं आणि नंतर काय झालं. काळ्या-पांढऱ्यात लाल काळं होतं आणि पिवळं करडं, म्हणजे सगळा कारभार करड्यावर करडा. समासातल्या टिपा स्कॅन करणाऱ्याने कापून टाकल्या होत्या, पान नीटनेटकं दिसावं म्हणून. (पात्याशिवाय कापल्या, हे नमूद करते.) आणि प्रत्येक पानावर तिरकं, ठसठशीत, संस्थेचं बोधचिन्ह.

ग्रहलाघवाचं गणित सुरू होतं ‘द्व्यब्धीन्द्रोनितशक’ या शब्दाने. द्वि म्हणजे दोन, अब्धि म्हणजे समुद्र म्हणून चार, इंद्र चौदा. उलटीकडून वाचायचं: 1442. तेवढे शकातून वजा करा, असा आदेश. बोधचिन्ह बसलं होतं नेमकं अब्धीवर. चारही समुद्र त्याखाली बुडाले. हा शब्द मला पाठ होता म्हणून निभावलं. पुढच्या आकड्यांचं काय?

तेवढ्यात टोक मोडलं.

टोक मोडलं की उठायचं, रजिस्टरमध्ये वेळ लिहायची, ‘कारण’ नावाच्या रकान्यात ‘टोक’ असं लिहायचं, सही करायची आणि व्हरांड्यात सिक्युरिटीच्या टेबलापाशी उभं राहून, त्यांच्या डोळ्यांदेखत, टोक काढायचं. तिथल्या बाकावर एक काका बसले होते. सफारी, मांडीवर प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत कुलवृत्तान्त. त्यांच्या पणजोबांनी कधीतरी या संस्थेला घरातलं दप्तर दिलं होतं, ते पाहायला आले होते. सकाळपासून पाहत होते ते सिक्युरिटीकडे.

“काय वाचताय?”

“ग्रहलाघव.”

काका ताठ बसले. “म्हणजे पत्रिका बघता!”

“नाही हो काका. मी नुसत्या पोथ्या ताडून बघते.”

“तेच ते. पत्रिकाही ताडूनच बघतात.”

आता माझ्या हातात टोक नसलेली पेन्सिल होती आणि जायला कुठे जागा नव्हती, म्हणून मी समजावून सांगितलं. एकाच ग्रंथाच्या खूप नकला होतात. प्रत्येक नकलनवीस चुका करतो, च चा व, भ चा म, आकडा इकडचा तिकडे. दोन पोथ्यांत एकच विचित्र चूक सापडली, की त्या बहुधा एकाच मूळ प्रतीवरून उतरल्यात असं धरायचं. सगळे पाठ, म्हणजे कुठल्या पोथीत कुठे काय लिहिलंय ते, कॉम्प्युटरला दिले की तो चुका जुळवून पोथ्यांची वंशावळ मांडतो. बरोबर लिहिणाऱ्याचा या कामात काही उपयोग नसतो.

काकांनी डोळे मिटून ऐकून घेतलं. “म्हणजे तुम्ही दोषांवरून गोत्र काढता.”

इतकी नेटकी व्याख्या मला आजवर कुठल्याही चर्चासत्रात ऐकायला मिळालेली नाही. मी बेसावधपणे “हो” म्हटलं.

“मंगळदोष?”

“काका, तसं नाही. गणेश दैवज्ञाने यात भविष्य सांगितलेलं नाही. मुरुडजवळच्या नांदगावचा माणूस. 1520 साल, म्हणजे शके 1442, धरून त्याने ग्रह काढायची सोपी रीत लिहिली. ज्या-चापाची, म्हणजे त्रिकोणमितीची, सगळी कटकट काढून टाकली. मोठमोठे आकडे नकोत म्हणून 11 वर्षांचं एक चक्र केलं, 4016 दिवसांचं. पुढे कित्येक पिढ्या महाराष्ट्रातली पंचांगं त्यावर झाली.”

“मुलगी चौऱ्याण्णवच्या श्रावणातली. पहाटे.”

मी चिडले होते. शार्पनरवर चिडले होते, बोधचिन्हावर चिडले होते, पण समोर काका होते. म्हटलं, घ्या. “शके 1916. वजा 1442. उरले 474. भागिले 11. 43 चक्रं झाली, शेष 1.”

काकांचा चेहरा उतरला. “त्रेचाळीस? पोरीच्या मागे?”

“सगळ्यांच्याच मागे, काका. पंधराशे वीसपासूनची आहेत ती.”

“आणि शेष एक, म्हणजे एकच अडथळा राहिलाय.”

“म्हणजे चक्रातलं एक वर्ष सरलंय.”

“सरलं ना? मग ठीक.” त्यांनी कुलवृत्तान्ताच्या मलपृष्ठावर ‘43, शेष 1’ असं लिहून घेतलं. बॉलपेनने. ते बाहेर होते, त्यांना कोण अडवणार? “यावर शांत कुठली करायची?”

“भागाकाराला शांत नसते.”

“असते हो. तुमच्या पोथीतलं पान फाटलं असेल.”

सिक्युरिटी म्हणाले, “मॅडम, टोक झालं असेल तर वेळ लिहा.”

आत येऊन बसले, पण मन लागेना. गंमत बघा. न्यूटनच्या वह्या केंब्रिजने 2011 साली इंटरनेटवर टाकल्या. रात्री स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभी राहून मी त्यांतली खाडाखोड मोठी करून बघू शकते, शाईचा फराटा केवढा ते बघू शकते, कुणाची सही लागत नाही. त्याच्या किमयागिरीच्या कागदांचा 1936 साली लंडनमध्ये लिलाव झाला, पांगापांग झाली, केन्स नावाच्या अर्थतज्ज्ञाने धडपडून बरेचसे परत गोळा केले. अमेरिकेत इंडियाना विद्यापीठातल्या लोकांनी ते अक्षर अन् अक्षर टाइप केले, आणि त्यातल्या पारा-गंधकाच्या चिन्हांना 2010 साली युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या जागतिक अक्षरयादीत, हक्काच्या जागासुद्धा मिळवून दिल्या. शिशाचं सोनं करायला निघालेल्या माणसाची ही बडदास्त. आणि आमच्या नांदगावकराचे आकडे, जे खरोखर चालत होते, ज्यांवर आमच्या पणज्यांच्या एकादश्या ठरल्या, ते बोधचिन्हाखाली. कागद जपायला हवा, मला कळतं. पोथ्यांच्या शेवटी जुने लेखकच लिहून जातात की पोथीला तेलापासून राख, पाण्यापासून राख, सैल बांधणीपासून राख, आणि मूर्खाच्या हाती देऊ नकोस. चौथी सूचना ही मंडळी सरसकट पाळतात. पण निदान फोटो तरी रंगीत काढा! पोथीला एकदाच हात लावायचा, तर समासासकट लावा. पुन्हा कोण लावू देणार आहे?

रंगीत प्रत मिळेल का, असं विचारलं. मिळेल, अर्ज करा. सोबत तुमच्या संस्थाप्रमुखांचं पत्र जोडा. म्हटलं, मी कुठल्या संस्थेत नाही, स्वतंत्र काम करते. समोरच्या बाईंनी सहानुभूतीने मान हलवली आणि म्हणाल्या, “मग त्या स्वतंत्रच्या प्रमुखांचं आणा.” अर्ज निळ्या शाईतच भरायचा होता.

दुपारी पुन्हा टोक मोडलं. बाहेर आले तर बाकावर काकांच्या शेजारी आणखी दोघं बसलेले. एकाच्या हातात पत्रिकेची गुंडाळी, दुसऱ्याने जन्मवेळ तळहातावरच लिहून आणलेली. काका त्यांना चक्र समजावून सांगत होते, आणि वाईट याचं वाटलं की बरोबर सांगत होते. सिक्युरिटीने रजिस्टर माझ्याकडे सरकवलं. माझ्या ‘टोक’च्या खाली दोन नवी नावं होती, आणि त्यांच्यापुढे ‘कारण’च्या रकान्यात लिहिलं होतं: मॅडमना दाखवणे.