एक्स-रे दोन आणि इंजेक्शन एकही नाही, असं का?

नमस्कार. तुमच्या लॅब्रॅडोर कुत्र्यानं कोंबडीच्या शागुतीतलं (मसालेदार रश्श्यातलं) हाड गिळलं, त्यावरून तुमच्या तक्रारी तीन आहेत. रविवारी रात्री फोनवर, उलटी व्हावी म्हणून मिठाचं पाणी पाजायला आम्ही मनाई केली, क्लिनिकवर आल्यावर एकाऐवजी दोन एक्स-रे काढले, आणि एवढे पैसे घेऊन साधं इंजेक्शनही न देता "भात घाला" सांगून घरी पाठवलं. हाड मंगळवारी आपसूक पडलं, मग तुम्ही केलंत काय, असा तुमचा सवाल आहे.

आधी मिठाच्या पाण्याचं. शागुतीतलं हाड शिजलेलं असतं. ते चावल्यावर फुटतं आणि सुईसारख्या कपच्या निघतात. गिळताना घासासोबत खाली सरकलेली कपची उलटीच्या जोरानं वर आली तर अन्ननलिका फाडू शकते. त्यात मीठ रक्तात चढलं की झटके येतात, ते वेगळंच. हायड्रोजन पेरॉक्साइडनं जठराचं अस्तर भाजतं, म्हणून तेही नाही. फोनवर आम्ही एवढंच विचारलं: श्वास नीट चालतोय का, जीभ निळी पडलीय का, लाळ गळतेय का, प्यायलेलं पाणी लगेच बाहेर येतंय का.

आता एक्स-रे. हाड अन्ननलिकेत अडकतं ते बहुधा तीन ठिकाणी: मान संपून छाती सुरू होते तिथे, हृदयाच्या वरच्या बाजूला, नाहीतर पोटात शिरण्याआधी श्वासपटलापाशी. एकाच बाजूनं फोटो घेतला तर मणका, बरगड्या आणि हाड एकमेकांवर येतात, आणि कोंबडीचं पातळ हाड तसंही फिकटच उमटतं. म्हणून एक कुशीवर, एक उताणं ठेवून. तिथे अडकलेलं सापडलं असतं तर सकाळपर्यंत थांबता आलं नसतं. दाबानं नळीची भिंत मरते आणि भोक पडतं, त्यामुळे भूल देऊन दुर्बिणीनं काढावंच लागतं. तुमच्या लॅब्रॅडोरचं हाड जठरात दिसलं. जठरातलं आम्ल हाड विरघळवतं, त्याला वेळ द्यायचा.

मग इंजेक्शन कसलं देणार? अँटिबायोटिकनं हाड विरघळत नाही. उलटी थांबवणारं दिलं असतं, तर आतडं अडल्याची पहिली खूणच झाकली गेली असती.

मात्र एक चूक आमचीच. 72 तास काय बघायचं ते कागदावर लिहून द्यायला हवं होतं. आम्ही तोंडी सांगितलं. खर्चाचा अंदाजही एक्स-रेआधी द्यायला हवा होता. वाचणाऱ्या इतरांसाठीही इथे लिहितो. उकड्या तांदळाचा मऊ भात आणि बिनमिठाचा शिजवलेला लाल भोपळा, दिवसातून चार वेळा, थोडा थोडा. पाणी हवं तेवढं. एरंडेल नको, आतडं जोरात आवळलं की कपची रुतते. माणसांची आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, पॅरासिटामॉल यांपैकी काहीही नको. शी काडीनं फोडून बघा: खडूसारखा पांढरा चुरा दिसला तर ठीक. डांबरासारखी काळी शी, पुन्हा पुन्हा उलटी, नुसतंच कुंथणं, किंवा पुढचे पाय जमिनीला टेकून मागचा भाग वर धरून बसणं (हा आळस नव्हे, पोटदुखी असते) यातलं काहीही दिसलं तर वेळ न घालवता आणा. मागून हाड लोंबताना दिसलं तरी ओढू नका.

एक गोष्ट अजून संपलेली नाही. रश्श्यात कांदा होता, असं तुम्हीच सांगितलंत. वजनाच्या किलोमागे साधारण 15 ते 30 ग्रॅम कांदा पोटात गेला की कुत्र्याच्या तांबड्या पेशी फुटायला लागतात, आणि ते दिसतं तीन-चार दिवसांनी. आज बुधवार. हिरड्या फिकट वाटल्या किंवा लघवी आमसुलाच्या पाण्यासारखी तांबूस-काळी झाली, तर लगेच घेऊन या. त्या रक्ततपासणीचे पैसे आम्ही घेणार नाही.