काटेरी पट्ट्याबद्दल खुलासा

बडोद्यातल्या आपल्या मराठी ग्रुपांवर दोन दिवस एक मेसेज फिरतोय: ‘कुत्रा ओढत असेल तर आतून काटे असलेला पट्टा किंवा फासाची साखळी घाला. कुत्र्याची कातडी जाड असते, त्याला काही होत नाही.’ हे चूक आहे. दांडिया बाजारातल्या दोन घरांनी तो पट्टा घेतलासुद्धा, म्हणून लिहितेय.

कुत्र्याचे केस दाट असतात, पण कातडी जाड नसते. तिचा वरचा थर आपल्यापेक्षा पातळ असतो. शिवाय मानेत नुसती कातडी नसते. श्वासनलिका कूर्चेच्या, म्हणजे मऊ हाडासारख्या, कड्यांवर उभी असते, थायरॉईड ग्रंथीही तिथेच. पॉमेरेनियनसारख्या छोट्या कुत्र्यांत या कड्या मुळातच नाजूक असतात. ओढताना ठसका येतो तो हट्ट नव्हे, गळा दाबला जातोय. पगसारख्या चपट्या तोंडाच्या कुत्र्याला तर फिरवताना हार्नेसच, म्हणजे मानेऐवजी छातीभोवती बसणारा पट्टाच, घाला. मानेवर ताण आला की डोळ्यांतला दाबही वाढतो.

बाकीच्यांना साधा, रुंद, सपाट नायलॉनचा पट्टा पुरतो. पट्टा आणि मान यांमध्ये दोन बोटं सहज जायला हवीत. पिल्लांची मान भराभर वाढते, दर आठवड्याला बोटं घालून बघा. कॅरव्हान हाउंडची गोष्ट वेगळी: डोकं मानेपेक्षा फारसं रुंद नसतं, साधा पट्टा सटकतो. त्याला ताणल्यावर ठरावीक मापापर्यंतच आवळणारा मार्टिंगेल पट्टा लागतो.

ओढायची सवय काट्यांनी जात नाही. हातातली फिरवायची साखळी ताणली की थांबायचं, सैल झाली की चालायचं. सयाजीबागेच्या रस्त्यावर पहिले काही दिवस चार पावलांना दहा मिनिटं लागतील, लागू द्या.

ज्यांनी तो मेसेज पुढे पाठवला, त्यांनी हाही पाठवा.